नवीन टँकमधले मासे आजारी दिसतायत? औषध ओतायच्या आधी हे बघा

टँक लावून आठ-दहा दिवस होतात आणि मासे सुस्त व्हायला लागतात, एखादा सकाळी उलटा पडलेला सापडतो, मग दुकानात फोन जातो आणि दुकानदार सांगतो निळं औषध टाका, मूठभर मीठ टाका. ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, दर मे महिन्याच्या सुट्टीत मुलांच्या हट्टापायी जेवढे टँक घरात येतात त्यातल्या निम्म्याअधिक घरांत हेच चालू असतं. तर आधीच सांगून टाकतो, पहिल्या दीड महिन्यात जो "आजार" दिसतो तो बहुतेक वेळा आजार नसतोच, पाणी खराब असतं. आणि खराब पाण्यात औषध ओतलं की ते अजून खराब होतं. म्हणून औषधाची बाटली कपाटात ठेवा आणि आधी टँकसमोर पंधरा मिनिटं नुसतं बसा.

बसून काय बघायचं? पहिलं म्हणजे त्रास एकाच माशाला आहे की सगळ्यांना. सगळे एकदम सुस्त, सगळे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, तर ते पाणीच समजा, कारण रोग सहसा सगळ्या माशांना एका रात्रीत धरत नाही. एकच मासा कोपऱ्यात आणि बाकीचे मजेत खातायत, तर मग त्या माशाकडे नीट बघायचं. दुसरं, मासे उभे कुठे आहेत. वर, फिल्टरच्या धारेजवळ जमलेत म्हणजे ऑक्सिजन कमी पडतोय किंवा कल्ले जळलेत. तळाशी पर मिटून बसलेत म्हणजे अमोनिया किंवा थंडी, किंवा रोगाची सुरुवात. इथे एक गंमत लक्षात ठेवा, फायटर आणि गुरामी हे मासे मुळातच अधूनमधून वर येऊन हवा घेतात, ते बघून घाबरायचं नाही. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, काल-परवा घरात काय बदललं. यावर पुढे बोलतो कारण आपल्या सोसायट्यांमध्ये निम्मी उत्तरं इथेच सापडतात.

आता पाण्याचं गणित. मासे विष्ठा करतात, जास्तीचं खाणं खडीत कुजतं, त्यातून अमोनिया तयार होतो. एक जातीचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट त्यातल्या त्यात सौम्य, ते पाणी बदललं की जातं. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर राहतात आणि पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे घेतात. नवीन टँकमध्ये ते नसतातच. आणि आपण काय करतो, पहिल्याच दिवशी दोन फुटी टँकमध्ये सहा गोल्डफिश, दोन एंजल आणि काच साफ करेल म्हणून एक सकर. पाणी पहिल्या आठवड्यात दुधासारखं पांढुरकं होतं ते याच उलथापालथीमुळे, त्याला घाबरून सगळं पाणी फेकून खडी धुतली की परत शून्यापासून सुरू. काही करू नका, खाणं कमी करा, ते आपोआप निवळतं.

पण पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असेल तरी अमोनिया असू शकतो, तो डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे थेंबवाली लिक्विड टेस्ट किट घ्या, अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्क हे सांगणारा अंक) एवढं तरी. कागदी पट्ट्या स्वस्त पडतात पण बऱ्याच पट्ट्यांमध्ये अमोनियाचा चौकोनच नसतो, म्हणजे जे बघायचंय तेच नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य पाहिजेत. अमोनिया ०.२५ पीपीएम (किटच्या रंगपट्टीवरचा आकडा) दिसला तर खाणं बंद आणि पाव टँक पाणी बदला, १ किंवा वर असेल तर त्याच दिवशी अर्धं पाणी बदला, दुसऱ्या दिवशी परत टेस्ट, लागलं तर परत बदला. अमोनियाने भाजलेल्या माशाचे कल्ले लालभडक होतात, परांवर लाल रेघा येतात, मासा एकदम झटके देऊन पळतो. नायट्राइट वाढलं तर रक्त ऑक्सिजन धरू शकत नाही, कल्ले तपकिरी दिसतात आणि एअर पंप फुल चालू असूनही मासा धापा टाकतो. या नायट्राइटवर मात्र मीठ खरंच काम करतं, मिठातलं क्लोराइड ते कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही, १० लिटरला ३-४ ग्रॅम पुरतं. मूठभर वगैरे नाही.

पीएचचं एक सांगून ठेवतो. अमोनिया तितकाच असला तरी पीएच एका अंकाने वाढला की त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, आणि पाणी गरम असेल तर अजून वाढतो. आता ठाण्यात भातसाचं पाणी येतं, नवी मुंबई महापालिकेकडे मोरबे धरण आहे, हे सगळं पावसाचं साठलेलं, क्षार कमी असलेलं पाणी. पण घोडबंदर रोडच्या बऱ्याच सोसायट्यांत टँकर येतो किंवा बोअरचं पाणी मिसळतात, ते जड असतं आणि पीएचही बहुतेक वर असतो. म्हणजे नौपाड्यातल्या मित्राच्या टँकमध्ये जे मासे तग धरून आहेत ते तुमच्याकडे त्याच अमोनियात मरू शकतात. उलट मॉली आणि गप्पीला जड पाणी आवडतं, धरणाच्या मऊ पाण्यात मॉली एका जागी उभी राहून अंग नुसतं डोलवत राहते, पुढे जातच नाही, लोक त्याला आजार समजून अँटिबायोटिक देतात. तिला थोडे क्षार द्या, फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा ठेवा, बहुतेक वेळा सुधारते.

तर काल-परवा काय बदललं. सोसायटीची पाण्याची टाकी साफ झाली का? नोटीस बोर्डवर असतंच पण कोण वाचतं. टाकी ब्लीचिंग पावडर टाकून धुतात, त्यानंतरच्या पहिल्या पाण्यात क्लोरीन भरपूर असू शकतो, तेव्हा दोन दिवस पाणी बदलू नका. पावसाळ्यात आणि पाणीकपातीनंतर गढूळ पाणी येतं तेव्हाही तसंच. एरवीही नळाचं पाणी थेट टँकमध्ये नाही, बादलीत अँटी-क्लोरीनचे थेंब टाकूनच. पेस्ट कंट्रोल झालं का, मच्छर मारायचा धूर सोडून गेले का, हॉलमध्ये झुरळांचा स्प्रे मारला का? एअर पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो, अशा वेळी टँक झाका, पंप थोडा वेळ बंद ठेवा आणि खिडक्या उघडून हवा मोकळी झाली की लगेच चालू करा. मे महिन्यात दुपारी नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीतलं चटका बसेल असं पाणी येतं, ते तसंच टाकलं की मासे शॉकमध्ये जातात. लाईट जास्त वेळ गेली होती का, तेही बघा, पंप बंद पडतो आणि गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चकाचक धुतला का? असेल तर जीवाणू गेले, क्लोरीनने मेले. स्पंज नेहमी टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचा.

हे सगळं तपासलं, टेस्ट शून्य आली, तरीही मासा बरा नाही, आता रोगाकडे वळू.

सगळ्यात कॉमन म्हणजे व्हाइट स्पॉट, लोक इक म्हणतात. अंगावर आणि परांवर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे दाणे, मासा खडीला नाहीतर पाइपला अंग घासतो. आपल्याकडे हा डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी गार पडलं की येतो, किंवा क्रॉफर्ड मार्केटवरून पिशवीत लोकलमधून हेलपाटत आलेल्या नवीन माशाबरोबर येतो. हा परजीवी आहे, माशाच्या कातडीखाली असतो तोवर त्याला औषध लागत नाही. तो पिकून गळतो, खडीत जाऊन फुटतो, त्यातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर येतात, औषध मारतं ते या पोहणाऱ्यांना. म्हणूनच तिसऱ्या दिवशी दाणे गेले की लोक औषध थांबवतात आणि आठवड्याने दुप्पट दाणे येतात. दाणे गेल्यावरही औषध चालू ठेवायचं, एकूण १०-१४ दिवस धरा, आणि इथे पूर्ण टँकला द्यायचं कारण परजीवी खडीत आहे. पाणी हळूहळू २९-३० डिग्रीवर नेलं तर त्याचं चक्र लवकर फिरतं, मात्र एअर जोरात ठेवा. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. गोल्डफिशच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या पराच्या कडेवर नीट ओळीत पांढरे टिपके असतील आणि बाकी मासा धडधाकट असेल तर तो वयात आलेला नर आहे, त्याला औषध देऊ नका.

दाण्यांऐवजी अगदी बारीक सोनेरी धूळ दिसत असेल, लाईट बंद करून मोबाइलचा टॉर्च तिरका मारला की चमकते, तो व्हेल्वेट. तो इकपेक्षा लवकर मारतो, थांबू नका.

कापसासारखं काही चिकटलेलं असेल तर दोन शक्यता, आणि इथे दुकानदारही गोंधळतात. जखमेवर उभा, लांब तंतूंचा पुंजका असेल तर बुरशी, तिला निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्ल्यू चालतं, वेगळ्या टबात. पण तोंडावर किंवा पाठीवर चपटा, करडा-पांढरा थर असेल आणि एका दिवसात पसरत असेल तर तो जीवाणू आहे, कॉलमनारिस म्हणतात, गरम पाण्यात फार वेगाने पसरतो, त्यावर बुरशीचं औषध वाया. अशा वेळी पाणी तापवायचं नाही आणि मत्स्यरोग कळणारा पशुवैद्य मिळाला तर विचारून अँटिबायोटिक. माणसांच्या कॅप्सूल फोडून टँकमध्ये टाकायचा जो प्रकार चालतो तो करू नका, फिल्टरचे जीवाणूही त्यात जाऊ शकतात.

पर कुरतडलेले दिसले तर आधी टँकमध्ये टायगर बार्ब, म्हणजे दुसऱ्यांचे पर चावणारा मासा, आहे का बघा. कट स्वच्छ असेल तर कोणीतरी चावलंय, कड पांढरी किंवा लालसर होऊन झिजत चालली असेल तर फिन रॉट म्हणजे पर सडणं, आणि तो स्वच्छ पाण्यात बऱ्याचदा औषधाशिवाय भरून येतो. गोल्डफिश उलटा तरंगतोय पण जिवंत आहे, खायला धावतोय, तर बहुतेक पोट बिघडलंय, दोन-तीन दिवस उपाशी ठेवा, मग उकडून सोललेला मटार थोडासा. पोट फुगून खवले सगळीकडून उभे राहिले असतील तर ते ड्रॉप्सी, खरं सांगायचं तर इथे आशा कमी असते, बाजूला काढा म्हणजे बाकीच्यांना त्रास नको.

औषध देणारच असाल तर आधी लिटर काढा. लांबी, रुंदी, उंची इंचात गुणा, ६१ ने भागा. २४ बाय १२ बाय १२ चा टँक जवळपास ५७ लिटरचा येतो, पण खडी आणि वरची रिकामी जागा धरून खरं पाणी ४५ च्या आसपास असतं, डोस त्यावर. एका माशाचा आजार असेल तर १५ लिटरचा प्लास्टिक टब, स्पंज फिल्टर, एअर पंप, बस, खडी नको. रोज थोडं पाणी बदला कारण या टबालाही जीवाणू नाहीत. निळं औषध मोठ्या टँकमध्ये टाकलं की काचांच्या सांध्यातला सिलिकॉन कायमचा निळा होतो, आणि फिल्टरचे जीवाणू मरून अमोनिया परत वाढतो. मीठ टाकताना कॉरी, लोच हे तळाशी राहणारे मासे आणि झाडं सांभाळा, त्यांना ते सोसत नाही. तांब्याचं औषध असेल तर शंख-गोगलगायी आणि श्रिम्प आधी काढा. दोन औषधं एकत्र कधीच नाही.

मेलेला मासा दिसला की लगेच काढा, कुजायला लागला की अमोनिया वाढवतो. आणि कंटाळा आला म्हणून आजारी मासे किंवा वाढलेला सकर ठाण्याच्या मासुंदा तलावात नेऊन सोडू नका, हा सकर बाहेरचा आहे, आपल्या तलावांत वाढला की तिथल्या माशांच्या मुळावर येतो. नवीन मासा आणायचा असेल तर टेस्टमध्ये अमोनिया-नायट्राइट सलग आठवडाभर शून्य येऊ द्या, मग एका वेळी एक-दोनच, तेही दोन आठवडे त्याच टबात ठेवून, आणि पिशवीतलं पाणी टँकमध्ये न ओतता.