फायरप्लेसच्या धुराड्यातून घरातली ऊब बाहेर जातेय? हे करून बघा

न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, शिकागो ह्या बाजूला जुनं घर घेतलं की हॉलमध्ये विटांची फायरप्लेस बहुतेक वेळा सोबत येतेच. दिसते सुंदर, ख्रिसमसच्या आसपास एकदोनदा पेटवतात, आणि उरलेला सगळा हिवाळा तिच्यातून घरातली गरम हवा निघून जात असते. फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, चालूच, बिल चढतंय, तरी सोफ्यावर बसलं की पायाला गार वारा लागतो. मग लोक खिडक्या बदलायची कोटेशनं मागवतात आणि हॉलमधल्या त्या एवढ्या मोठ्या भोकाकडे कोणाचंच लक्ष जात नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

गरम हवा हलकी असते, ती वर चढते, आणि वीस-पंचवीस फुटी उभं धुराडं म्हणजे तिला आयता रस्ता. जेवढी हवा वरून गेली तेवढीच बाहेरची थंड हवा दाराखालून, खिडक्यांच्या फटींतून, बेसमेंटमधून आत येणार, म्हणजे आपण पैसे देऊन तापवलेली हवा जाते ती जातेच, वर नवीन गार हवा परत तापवावी लागते. बाहेर जितकी कडक थंडी तितकी ही ओढ जास्त. डॅम्पर उघडा राहिला तर भर जानेवारीत खिडकी सताड उघडी ठेवल्यासारखंच आहे.

डॅम्पर म्हणजे जिथे लाकडं जळतात त्या खणाच्या वरच्या तोंडाशी असलेली लोखंडी झडप. बरेच जण म्हणतात आमचा डॅम्पर बंद आहे, पण तो कधी खरंच तपासलेला नसतो. खण पूर्ण थंड असताना जुने कपडे, हातमोजे, चष्मा घाला, खाली रद्दी पसरा आणि डोकं आत घालून टॉर्चने वर बघा. झडपेच्या कडेने उजेड दिसतोय का, ती एका बाजूने उचललेली आहे का? हा बिडाचा पत्रा नुसता लोखंडावर लोखंड टेकून बसतो, मध्ये रबर वगैरे काही नसतं, आणि वर्षानुवर्षं तापून तो वाकडा होतो. शिवाय बसायच्या खाचेत काजळी आणि सिमेंटचे तुकडे पडून राहतात, ते तारेच्या ब्रशने साफ केले तरी कधीकधी झडप बरीच नीट बसते.

आता उदबत्तीची टेस्ट करा. थंडी असलेल्या दिवशी खिडक्या-दारं बंद करा, डॅम्पर बंद करा, आणि पेटलेली उदबत्ती खणाच्या वरच्या कडेखाली धरा. धूर सरळ वर ओढला गेला तर गळती आहे. मग स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन फुल स्पीडवर लावून परत बघा, कारण आपल्याकडे फोडणी द्यायची म्हणजे तो फॅन लागतोच आणि बाहेर हवा फेकणारा असेल तर जाणाऱ्या हवेची भरपाई धुराड्यातून उलटी होऊ शकते. धूर तुमच्या तोंडाकडे यायला लागला आणि काजळीचा वास आला तर तेच चाललंय असं समजा.

काहीही बंद करायच्या आधी एक गोष्ट नक्की करा, ही मी कळकळीने सांगतोय: त्या धुराड्याला अजून काय जोडलंय ते बघा. गॅसचा फर्नेस किंवा वॉटर हीटर त्याच्यातून धूर सोडत असेल तर ती नळी कधीही बंद करायची नाही. जुन्या घरात एकाच विटांच्या बांधकामात दोन-तीन वेगळ्या नळ्या असतात, त्यामुळे कुठली फायरप्लेसची हे माहीत नसेल तर धुराडं साफ करणारा माणूस बोलावून विचारा. फायरप्लेसमध्ये गॅसचे लॉग, म्हणजे गॅसवर पेटणारे नकली ओंडके, बसवले असतील तर डॅम्परला एक क्लॅम्प लावलेला असतो, झडप पूर्ण मिटू नये म्हणून मुद्दाम लावलेला, तो काढायचा नाही. आणि फायरप्लेस विटांची नसून फॅक्टरीत बनलेला पत्र्याचा डबा असेल तर त्याच कंपनीने चालतं म्हटलेल्या वस्तूच वापरा, दुसरी काचेची दारंसुद्धा लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याचा अलार्म घरात प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ पाहिजेच.

सगळं ठीक असेल आणि फायरप्लेस क्वचितच पेटत असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे धुराड्यात कोंबायचा बोळा. दोन प्रकार चांगले चालतात, एक फुगवायचा चिमनी बलून आणि दुसरा लोकरीच्या जाड नमद्याचा. इंग्लंडमध्ये कंब्रियात हर्डविक मेंढीच्या लोकरीचे असे बोळे बनतात, दांडा धरून वर ढकलायचे आणि सोडून द्यायचे. माप मात्र नीट घ्या. तोंडाची रुंदी बघून ऑर्डर करू नका, बोळा जिथे अडकणार आहे तिथली, म्हणजे डॅम्परच्या लगेच खालची, लांबी आणि रुंदी मोजा, आत टेप धरायला जमत नसेल तर पुठ्ठा कापून कापून बरोबर बसेपर्यंत ट्राय करा आणि मग तो पुठ्ठा मोजा. बोळा बसला की त्याला लाल फीत बांधून ती खाली लोंबत ठेवा, म्हणजे घरी आलेला पाहुणा विचार न करता आग पेटवणार नाही. थर्माकोल किंवा फोमची शीट कोंबू नका, ती पेट घेते आणि तिचा धूर विषारी असतो.

तुम्ही नेहमी पेटवत असाल तर बोळा काढ-घाल करायचा कंटाळा येणार, तिथे धुराड्याच्या वरच्या टोकाला बसणारा डॅम्पर घ्या. त्याला फट बुजवणारी सिलिकॉनची पट्टी (गॅस्केट) असते आणि स्टीलची केबल नळीतून खाली खणापर्यंत येते, ओढली की वरचं झाकण बंद. पाऊस, खारी, पक्षी सगळं बाहेर राहतं आणि मुख्य म्हणजे अख्खं धुराडं घरातल्या हवेने भरलेलं राहतं, थंडगार होऊन बसत नाही. छपरावरचं काम आहे, स्वतः चढू नका, धुराडं साफ करणाऱ्याकडूनच बसवून घ्या. माझं मत विचाराल तर पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर इथेच घाला.

आता आग पेटवता तेव्हा. उघड्या फायरप्लेसची बहुतेक उष्णता धुरासोबत वर जाते, आणि आगीला लागणारी हवा ती घरातूनच खेचते, त्यामुळे हॉल उबदार आणि मागच्या बेडरूम गार अशी गंमत होते. म्हणून फायरप्लेसजवळची खिडकी इंचभर उघडा, त्या खोलीची दारं लावून घ्या आणि थर्मोस्टॅट ५०-५५ फॅरेनहाइटवर आणा. विचित्र वाटेल पण आगीला लागणारी हवा मग त्या इंचभर फटीतून येते, सगळ्या घरातून नाही. लाकूड सुकं हवं, ओलावा २० टक्क्यांच्या खाली, ओल्या लाकडाची बरीच उष्णता पाणी उडवण्यातच जाते आणि धुराड्यात क्रिओसोट, म्हणजे धुराचा डांबरासारखा थर, साचतो, जो पुढे आग लावतो.

खरं नुकसान रात्री होतं. ज्वाळा विझतात, आपण झोपायला जातो, पण निखारे धुमसत असतात म्हणून डॅम्पर बंद करता येत नाही, आणि करायचाही नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड घरात येईल. मग रात्रभर ते भोक उघडं. इथे काचेची दारं कामाला येतात, आग मंद झाली की दारं लावायची, डॅम्पर उघडाच ठेवायचा, घरातली हवा जायची बरीच कमी होते. साध्या टेम्पर्ड काचेची दारं मोठी आग भडकलेली असताना बंद ठेवायची नसतात, काच तडकू शकते. राख पूर्ण थंड झाल्याची खात्री झाली की मग डॅम्पर बंद.

रोज लाकूड जाळून घर तापवायचं असेल तर ह्या सगळ्या डागडुजीपेक्षा खणात बसणारा बंद इन्सर्ट, म्हणजे दार असलेली बंदिस्त शेगडी, घ्या, खर्च हजारो डॉलरमध्ये जातो पण लाकडातली उष्णता घरात राहते.

ज्यांना फायरप्लेस कधीच नको त्यांनी कायमची बंद करावी, पण इंग्लंडातल्या जुन्या व्हिक्टोरियन घरांत राहणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या, दोन्ही टोकं गच्च बंद केली तर आत ओल साचते आणि भिंतीवर डाग येतात. वर पाऊस अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी आणि खाली छोटी जाळी ठेवायची. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारून फक्त बोळा घाला, तो जाताना काढून नेता येतो.

आणि धुराड्याची तपासणी दरवर्षी करून घ्या, पेटवत नसलात तरी. ऑक्टोबरमध्ये फोन केलात तर सगळे बिझी असतात, एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंट लगेच मिळते, आणि तेव्हाच माप घेऊन बोळा बसवून टाकलात तर उन्हाळ्यात एसी लावल्यावर येणारा काजळीचा वासही थांबेल.