मंदीच्या वर्षी गिटारचे जुने सामान विकण्याची तयारी

बडोद्यात गिटारचे जुने सामान विकायला काढायचे ठरले, की यादीत सर्वांत वर तारीख लिहावी, कारण या गावात वाद्यांचा जुना बाजार नवरात्राच्या तालावर चालतो. गरब्याच्या ऑर्केस्ट्रांच्या तालमी गणपतीच्या सुमारास जोर धरतात, त्यामुळे गिटार, प्रोसेसर (गिटारचा आवाज हवा तसा बदलणारी पेटी) आणि अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी) यांची विचारपूस श्रावणापासून सुरू होते आणि अनंत चतुर्दशीला जवळजवळ थांबते. त्यानंतरच्या पितृपक्षात पुष्कळ घरांत नवी वस्तू आणत नाहीत, आणि आपली वस्तू दहा वर्षांची असली तरी त्यांच्या घरात ती नवीच येणार असल्यामुळे तिलाही तोच नियम लागतो. घटस्थापना झाली, की वादक रात्री मैदानावर आणि दिवसा झोपेत असतात; आपली जाहिरात पाहायला कोणालाही फुरसत नसते. दसरा उलटल्यावर मात्र विकणाऱ्यांचीच रांग लागते, कारण नवरात्रापुरते घेतलेले सामान लोक दिवाळीच्या खर्चासाठी काढून टाकतात. म्हणून जाहिरात नारळी पौर्णिमेच्या आत लागलेली असावी. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुलांना क्लास लावण्याची एक छोटी लाट येते, पण तिच्यात स्वस्त अकूस्टिक (विजेविना वाजणाऱ्या) गिटारी तेवढ्या जातात.

मंदीच्या वर्षी या पंचांगात एक जास्तीची अडचण असते: घेणारे आणि विकणारे एकाच गोतातले असतात. प्रायोजकांनी हात आखडता घेतला, की कलाकारांचे मानधन कापले जाते, आणि ज्याने आपला अ‍ॅम्प घेतला असता तो स्वतःचाच अ‍ॅम्प घेऊन बाजारात उभा राहतो. २०२० मध्ये गुजरातमध्ये नवरात्रात गरब्याला परवानगीच मिळाली नाही आणि २०२१ मध्ये फक्त शेरी (गल्लीतला) गरबा, तोही ४०० माणसांच्या मर्यादेत, होऊ शकला. तिकडे घरात अडकलेले लोक जगभर गिटार शिकायला बसल्यामुळे फेंडर कंपनी २०२० हे आपल्या इतिहासातील सर्वाधिक विक्रीचे वर्ष म्हणून सांगत होती; इकडे माझ्या ओळखीचे तीन वादक एकाच आठवड्यात एकाच मॉडेलचा प्रोसेसर विकायला बसले होते. तिघेही एकमेकांची जाहिरात पाहून आपली किंमत उतरवत गेले, आणि अखेर ज्या रकमेला पहिला प्रोसेसर गेला ती रक्कम पहिल्या दिवशी कोणी उच्चारली असती तर तिघांनीही फोन ठेवून दिला असता. तेव्हापासून मी जाहिरात लिहिण्यापूर्वी बडोदा, आणंद, भरूच आणि अहमदाबाद इथे तेच मॉडेल किती जण विकत आहेत हे मोजतो. दोनाहून अधिक आढळले तर ती वस्तू परत कपाटात जाते आणि दुसरी बाहेर येते.

सामान विभागताना भावनेला बाजूला बसवावे. साधी, नावाजलेली पेडले (पायाने दाबून आवाज बदलायची छोटी यंत्रे) मंदीतही जातात. बॉस कंपनीचे डीएस-१ हे डिस्टॉर्शनचे, म्हणजे आवाज फाटल्यासारखा करणारे, पेडल १९७८ पासून विकले जात आहे, त्याचे काय करायचे हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्याची जुन्या बाजारातली किंमत इतकी ठरून गेलेली आहे, की घासाघीस शंभर-दोनशे रुपयांच्या पुढे जात नाही. यामाहाची एफ३१० सारखी शिकाऊंची अकूस्टिक गिटारही हातोहात जाते. डिजिटल प्रोसेसरची गत मात्र मोबाइलसारखी असते: पुढचे मॉडेल आले, की मागचे पडते, आणि कंपनीने त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे थांबवले, की ते आणखी पडते. प्रोसेसर विकायचाच असेल तर यादीत सर्वांत आधी घ्यावा, कारण थांबण्याचा तोटा त्यालाच सर्वाधिक होतो. व्हॉल्व्हचे (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे) अ‍ॅम्प जड असतात, त्यांचे व्हॉल्व्ह महाग असतात आणि बदलून देणारा माणूस शोधावा लागतो. त्यातून तो अमेरिकेहून आणलेला, १२० व्होल्टवर चालणारा असेल तर आपल्या २३० व्होल्टसाठी लागणारा ट्रान्सफॉर्मरही सोबत द्यावा लागतो, आणि पाहायला आलेले गिऱ्हाईक त्या लोखंडी ठोकळ्याकडे पाहूनच माघार घेते. अशी वस्तू मंदीत काढूच नये. डावखुऱ्यांच्या गिटारीबद्दल एवढेच सांगतो, की तिचे गिऱ्हाईक कुठेतरी नक्की असते, पण ते बहुधा दुसऱ्या राज्यात असते.

आता किंमत. आपण सात वर्षांपूर्वी काय मोजले होते याला काही अर्थ नाही. आज तीच वस्तू नवी कितीला मिळते आणि तेच काम करणारी सर्वांत स्वस्त नवी वस्तू कितीला मिळते, हे दोन आकडे कागदावर हवेत. दुसरा आकडा जास्त बोचतो. चिनी बनावटीचे छोटे मल्टी-इफेक्ट, म्हणजे अनेक पेडलांचे काम एकटे करणारे प्रोसेसर, आज अशा किमतीला मिळतात, की दहा वर्षांपूर्वीचा नामांकित प्रोसेसर त्यांच्यासमोर केवळ वजनाने उठून दिसतो. जाहिरातींतल्या किमतींवरून अंदाज बांधायचा झाल्यास जी जाहिरात चार महिने तशीच आहे तिच्यातली किंमत म्हणजे न विकली जाण्याची किंमत, हे ध्यानात ठेवावे. माझा स्वतःचा शिरस्ता असा, की सुस्थितीतल्या वस्तूला नव्याच्या साठ टक्क्यांपासून सुरुवात करायची आणि मंदीच्या वर्षी निम्म्यावर हो म्हणायची मनाची तयारी ठेवायची. बोलायची, पटायची आणि जिच्याखाली जायचे नाही ती, अशा तीन रकमा रात्री शांतपणे लिहून ठेवाव्यात. समोर माणूस नोटा मोजत असताना त्या ठरत नाहीत.

विकणारे बहुतेक जण एक गोष्ट हिशेबात घेत नाहीत, ती म्हणजे हप्ता. नवी गिटार आज बिनव्याजी हप्त्यांवर मिळते. आपण तीस हजारांची गिटार पंधरा हजारांना देऊ करतो आणि समोरच्याने धावत यावे असे आपल्याला वाटते. पण ज्याचा पगार लांबला आहे त्याला पंधरा हजार एकदम काढणे जड आणि महिना अडीच हजार भरून कोरी, वॉरंटीची गिटार घरी नेणे सोपे जाते. त्याचे गणित चुकलेले नसते. म्हणून पंधरा हजारांच्या वरच्या वस्तूसाठी दोन हप्त्यांत पैसे घ्यायचे का, हे आधीच ठरवून ठेवावे. मी ते फक्त ज्याचे घर पाहिले आहे अशा माणसाशी करतो. गिटारमध्ये आपण महागडे पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) बसवले असतील तर त्यांचे पैसे जुन्या बाजारात कोणी देत नाही, तेव्हा मूळचे पिकअप परत बसवून महागडे वेगळे विकावेत. मूळचे कुठे ठेवले आहेत ते शोधण्यात अर्धा दिवस जातो. तो दिवसही यादीत धरावा.

यानंतर वस्तूची तयारी, आणि इथे कंजुषी करू नये. नव्या तारांचा एक संच काही शेकड्यांत येतो आणि गंजलेल्या तारांमुळे किंमत हजारांत पडते. तारा काढलेल्या असतानाच फ्रेटबोर्ड (तारा जिच्यावर दाबतात ती मानेवरची पट्टी) पुसून घ्यावा, त्यावर चिकटपट्टी लावून फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, चकचकीत करावेत, आणि शिसवाचा असेल तर तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. आवाजाचे बटण फिरवताना खरखर येत असेल तर पॉटमध्ये (बटणाखालच्या भागात) कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून बटण वीस-तीस वेळा पूर्ण फिरवावे. बहुतेक वेळा खरखर तिथेच संपते. जॅकची (केबल खुपसायच्या जागेची) चकती सैल असतेच, ती आवळावी, पण आतला जॅक सोबत फिरू देऊ नये, नाहीतर आतली वायर तुटते आणि पाच मिनिटांच्या कामाला डागणी लागते. पावसाळ्यात अकूस्टिक गिटारची फळी ओल धरून फुगते आणि तारा वर उचलल्या जातात, म्हणून ऐन श्रावणात विकताना बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची पुन्हा मोजावी. ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी आतली सळई) फिरवावा लागला तर एका वेळी पाव फेरीहून जास्त नको. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळवून ठेवावा. सूरसागराजवळच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीतली मुले पाहायला आली तर ती नेमके हेच वाजवून बघतात. ज्या गावात संगीतकार मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये सुरू झाली तिथे गिऱ्हाइकाचा कान कच्चा समजू नये, त्याचा खिसा कितीही रिकामा असो. ओरखडे मात्र रंगवू नयेत. रंगवलेला ओरखडा दिसला, की माणूस न दिसलेले दहा शोधू लागतो.

अ‍ॅम्पच्या बाबतीत बडोद्यात हल्ली एक वेगळीच परीक्षा असते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले आणि अनेक तळमजल्यांवरचे सामान भिजले. मी माझा छोटा अ‍ॅम्प काढला तेव्हा मकरपुऱ्याहून आलेल्या एका काकांनी तो सुरू करण्याआधी उलटा केला, खिशातून टॉर्च काढून स्पीकरच्या स्क्रूंवर मारला, पेटीची खालची कड नखाने दाबून लाकूड फुगले आहे का ते पाहिले, आणि मग मागच्या जाळीला नाक लावून दीर्घ श्वास घेतला. ‘पाण्यात होता का?’ एवढेच त्यांनी विचारले. तो पहिल्या मजल्यावर होता, पण माझ्याकडे त्याचा पुरावा काय? तेव्हापासून मी अ‍ॅम्पची मागची बाजू उघडून आतला स्वच्छ फोटो जाहिरातीतच देतो. भिजलेला अ‍ॅम्प असेल तर तसे लिहून तो सुट्या भागांच्या भावाने द्यावा. ही लपणारी गोष्ट नाही.

कागदपत्रे एका पाकिटात ठेवावीत: बिल, वॉरंटी कार्ड, असल्यास मूळ खोका, आणि हेडस्टॉकवरच्या (गिटारच्या वरच्या टोकावरच्या) क्रमांकाचा स्पष्ट फोटो. बनावट गिटारी इतक्या फिरत आहेत, की आज पंधरा वर्षांचा मुलगाही क्रमांक तपासतो. १९७७ ते २००५ या काळातल्या बहुतेक गिब्सनच्या आठ आकडी क्रमांकात पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष होते. मेक्सिकोत बनलेल्या अलीकडच्या फेंडरवर एमएक्स या अक्षरांनंतरचे दोन आकडे वर्ष सांगतात. हे आपल्याला आधी माहीत असले, की समोरचा फोनमध्ये शोधत असताना आपला चेहरा उतरत नाही. पेडलांचे अडॅप्टरही तपासावेत. बॉसच्या काही जुन्या पेडलांवर एसीए असे लिहिलेले असते. त्यांना आजचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावला, की दिवा मंद लागतो आणि गिऱ्हाईक पेडल बिघडले असे समजते. अशा पेडलात नवी बॅटरी घालूनच ते दाखवावे.

जाहिरात हिंदीत आणि गुजरातीत लिहावी. मराठीत लिहिली तर आपलेच नातेवाईक वाचतात आणि सामान का काढले म्हणून फोन करतात. फोटो सकाळच्या उजेडात, साध्या चादरीवर, आणि दोषांचे फोटो सर्वांत आधी.

फसवणुकीची तयारी वेगळी लिहितो, कारण मंदीत खऱ्या गिऱ्हाइकांपेक्षा हे फोन जास्त येतात. माणूस घासाघीस करीत नाही, वस्तू पाहायला येत नाही, आपण लष्करात असल्याचे सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि आगाऊ पैसे देण्यासाठी म्हणून क्यूआर कोड पाठवतो. महिनाभर एकही फोन न आलेल्या माणसाचे मन इथे विरघळते. माझे विरघळले होते, आणि पिनचे दोन आकडे दाबून झाल्यावर मुलीने फोन हातातून काढून घेतला म्हणून मी वाचलो. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही घालावा लागत नाही. पैसे गेलेच तर विचार करीत न बसता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

भेटीच्या दिवशी अ‍ॅम्प आधीच लावून, गिटार सुरात ठेवून, पंखा बंद करून बसावे. बहुधा मुलगा वाजवतो आणि बाप पैसे देतो. मुलगा वाजवीत असताना आपण बोलू नये आणि आपल्या जुन्या कार्यक्रमांच्या आठवणी तर मुळीच काढू नयेत, कारण त्या ऐकताच बापाला किती उतरवता येईल याचा अंदाज येतो. ‘छेल्लो भाव बोलो’ (शेवटचा भाव सांगा) हे वाक्य येणारच. त्याला मी आकडा सांगत नाही. आधी वाजवून घ्या, आवडली तर बोलू, असे म्हणतो. पैशांऐवजी दुसरे पेडल, कीबोर्ड, एकदा तर जुना एअर कूलर देऊ करण्यात आला होता. अदलाबदलीला नकार द्यायचा की नाही हे घरच्यांना विचारून ठेवावे. कूलरच्या वेळी मी विचारले नव्हते.

बाहेरगावी पाठवायची वेळ आली तर अहमदाबादच्या गिऱ्हाइकाला आणंद स्टेशनवर भेटणे कुरिअरपेक्षा बरे. पाठवायचीच झाली तर तारा सैल कराव्यात आणि हेडस्टॉकच्या खाली घट्ट कागद भरावेत. गिब्सनसारखा मागे कललेला हेडस्टॉक आधार नसला, की नटपाशी, म्हणजे मानेला जोडतो तिथेच, मोडतो.

व्यवहार झाल्यावर एका कागदावर वस्तूचे नाव, क्रमांक, रक्कम आणि ‘पाहून, वाजवून घेतली’ असे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि जाहिरात त्याच रात्री काढून टाकावी. न काढल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण किंमत द्यायला तयार असलेल्या माणसाचा फोन येतो. तसा तो आलाच तर त्याचा नंबर लिहून घ्यावा आणि कपाटात परत ठेवलेल्या वस्तूबद्दल त्याला विचारावे.