मुंबई पायी बघायची तर बॅगेला कुलूप लावून निघा

जळगाव-भुसावळकडून रात्रीच्या गाडीने सकाळी सीएसएमटीला उतरलं की बॅगा ओढण्यातच दिवस जातो. म्हणून घरूनच छोटं कुलूप लावून निघा, स्टेशनवर सामान ठेवायच्या क्लोक रूममध्ये बिनकुलपाची बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचं तिकीटही लागतं.

मग टॅक्सी नकोच:

१. आधी समोरच्या फुटपाथवरून स्टेशन बघा, गेटच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ आहे, घाईत ते बघायचे राहूनच जातात.
२. सरळ हुतात्मा चौक.
३. तिथून ओव्हल मैदानात जा, १८७८ चा राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट एका नजरेत दिसतात, भाकरी सोडायला सावलीही मिळते.
४. काळा घोडा करत गेटवे.

फक्त बुकिंग करताना गाडी सीएसएमटीऐवजी कुर्ला टर्मिनसला संपणारी नाही ना ते बघा.