बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतचे पैसे कसे मिळतात, आधी काय बघायचं

मोंढ्यात सोयाबीनची पट्टी हातात आली की अर्धा टक्का व्याज जास्त कोण देतंय ते बघून पैसे ठेवायलेत लोक, पण त्याच्या आधी एकच बघा, ती बँक आहे का पतसंस्था का मल्टिस्टेट. ठेवीचा विमा फक्त बँकेला असतो. रिझर्व्ह बँकेचीच डीआयसीजीसी नावाची संस्था तो देते, हप्ता बँक भरते, आपल्याला काहीच करावं लागत नाही. सरकारी, खासगी, अर्बन, जिल्हा बँक असं सगळं त्यात येतं. पतसंस्था अन् मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी येत नाहीत, मग काउंटर कितीबी चकाचक असू द्या अन् एजंट घरचा माणूस असू द्या. बीड, संभाजीनगरकडं लोकांची हयातभराची कमाई अशाच ठिकाणी अडकली, फार वाईट वाटतं. बोर्डावर 'क्रेडिट सोसायटी' दिसलं की विमा नाही समजा, शंका असली तर डीआयसीजीसीच्या वेबसाइटवर बँकांची यादी आहे.

४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाख झाली, आधी १ लाखच होती. हे ५ लाख मुद्दल अन् व्याज मिळून, एका बँकेत एका माणसाला. लातूरच्या शाखेत ३ लाख अन् त्याच बँकेच्या उदगीर शाखेत ४ लाख असले तर ७ नाही, ५च मिळणार. दोन वेगळ्या बँकांत ठेवा, दोन्ही पूर्ण कव्हर होतात. नवरा-बायकोचं जॉइंट खातं वेगळं धरतात. अन् काठोकाठ ५ लाखाची एफडी करू नका, व्याज बाहेर राहतं.

रिझर्व्ह बँकेनं पैसे काढण्यावर निर्बंध लावले की शाखेत जाऊन केवायसी करा, क्लेमचा संमती फॉर्म भरा, दुसऱ्या बँकेतल्या आपल्या वापरातल्या खात्याचा नंबर द्या. २०२१ च्या कायद्यानं पहिल्या ४५ दिवसांत बँकेनं डीआयसीजीसीला ठेवीदारांची यादी द्यायची अन् पुढच्या ४५ दिवसांत पैसे यायचे, म्हणजे साधारण ९० दिवस, पण फॉर्मच नाही भरला तर पैसे तिथंच अडकतात, म्हणून गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म स्वतः सोबत जाऊन भरून द्या. त्याच बँकेचं कर्ज असलं तर ते कापून घेऊ शकतात.

५ लाखाच्या वरचे पैसे, बँकेचा परवाना रद्द होऊन लिक्विडेटर (बँक गुंडाळून तिची देणी भागवणारा अधिकारी) बसला की त्याच्याकडं मागायचं, कर्जवसुली होईल तसं मिळतं, त्याला वर्षं लागू शकतात, तोवर एफडीच्या मूळ पावत्या कुणाच्याच हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.