आत टाकायचं की बाहेरून मारायचं? टीमचं गणित कसं बसवायचं

आम्ही बास्केटबॉल खेळायचो तेव्हा हा वाद कायमचा. उंच पोरं म्हणणार आम्हाला बॉलच मिळत नाही, शूटर म्हणणार तिथे पेंटमध्ये, म्हणजे बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकोनात, आधीच चौघं दाटीवाटीने उभे आहेत, बॉल टाकायचा कुठे. दोघांचंही खरं असायचं म्हणून तर भांडण मिटायचं नाही. त्यामुळे "अर्धे शॉट आतून, अर्धे बाहेरून" असला हिशोब करूच नका, त्याने काही होत नाही. क्रम ठरवा. बॉल आधी आत, मग बाहेर.

गणित सोपं आहे. 100 शॉट दोनवाले मारले आणि 50 पडले तर 100 पॉइंट, तीनवाले, म्हणजे लांबच्या लाइनबाहेरून मारलेले थ्री, 34 पडले तरी 102, म्हणजे थ्रीला नावं ठेवायचं काही कारण नाही. फक्त हा 34 चा आकडा मोकळ्या शॉटचा असतो, अंगावर हात आला की तो धाडकन खाली येतो, आणि मोकळा शॉट कधी मिळतो तर डिफेन्स आत ओढला गेला की. शिवाय आत खेळलात की फाऊल मिळतात. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात एका क्वार्टरमध्ये समोरच्या टीमचे 4 फाऊल भरले की त्यापुढच्या प्रत्येक डिफेन्सिव्ह फाऊलला दोन फ्री थ्रो, आणि त्यांचा सेंटर, म्हणजे आतला उंच खेळाडू, फाऊल जास्त झाले म्हणून बाकावर गेला तर मग काय, दार उघडंच.

आधी आपल्याकडे खरंच कोण शूटर आहे ते बघा, कारण स्वतःला शूटर समजणारे फार असतात. पाच जागा, प्रत्येक जागेवरून 10 शॉट, मध्ये मध्ये पूर्ण कोर्ट पळायचं, दमलेल्या पायांनी मारायचं. 50 पैकी 17 च्या खाली असेल त्याला मॅचमध्ये पूर्ण मोकळा असेल तरच परवानगी. थोडे दिवस रुसतील, रुसू देत.

मग उभं कुठे राहायचं. चार बाहेर एक आत हे सगळ्यात सोपं. दोन शेजाऱ्यांमध्ये साधारण साडेचार मीटर अंतर ठेवा, आणि थ्रीच्या लाइनला चिकटून नको, अर्धा-एक मीटर मागे. इथेच सगळे चुकतात, बॉल आत गेला की शूटरचे पाय आपोआप आत सरकतात आणि त्याचा डिफेन्डर एकाच वेळी दोघांना सांभाळतो. तो एका पावलात दोघांपर्यंत पोचत असेल तर अंतर कमी पडतंय समजा.

आता पोस्टला, म्हणजे बास्केटजवळ तिकडे पाठ करून उभ्या असलेल्या आतल्याला, पास. आतल्याने डिफेन्डरला पाठीवर घेऊन हात दाखवायचा, विंगवाल्याने, म्हणजे बाजूला बाहेर उभा असलेल्याने, कोन नीट मिळेपर्यंत घाई करायची नाही, आणि पास दिला की पुतळ्यासारखं उभं राहायचं नाही, एकतर बास्केटकडे कट मारा नाहीतर दोन-तीन पावलं बाजूला सरका, कारण डबल टीमला (एकावर दोघं) जाणारा बहुतेक वेळा तुमचाच डिफेन्डर असतो आणि बॉलकडे वळला की त्याला तुम्ही दिसत नाही. आतल्याने बॉल मिळाल्या मिळाल्या ड्रिबल मारायचा नाही, आधी बघायचं कोण येतंय. कोणीच नाही आलं तर स्वतः खेळ. दुसरा आला तर तो ज्या बाजूने आला त्याच बाजूला कोणीतरी मोकळा आहे, किंवा मदतीला सगळे सरकले असतील तर पलीकडच्या कॉर्नरला. तिथूनही डिफेन्डर धावत अंगावर आला तर अजून एक पास. तो शेवटचा पास द्यायला पोरांच्या जिवावर येतं, पण सगळ्यात चांगला शॉट तिथेच असतो.

टीममध्ये उंच कोणीच नसेल तरी हेच चालतं. ड्राइव्ह करून पेंटमध्ये दोन पायांवर थांबायचं आणि बाहेर द्यायचं. किंवा फ्री थ्रो लाइनपाशी चांगला पासर उभा करा, एनबीएमधला (अमेरिकेची व्यावसायिक लीग) सेंटर निकोला योकिच तिथून काय करतो ते बघा, उडी फारशी नाही तरी अख्खा डिफेन्स नाचवतो.

नुसत्या बाहेरच्या शॉटवर राहिलं तर वाईट दिवस येतोच. एनबीएच्या 2018 च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलच्या सातव्या मॅचमध्ये ह्यूस्टन रॉकेट्सचे लागोपाठ 27 थ्री हुकले, एकूण 44 पैकी 7 पडले, तेही थ्रीवरच उभी केलेली टीम असताना. म्हणून आम्ही साधा नियम ठेवला होता, सलग दोन थ्री हुकले की पुढच्या वेळी बॉल पेंटमध्ये गेल्याशिवाय कोणी शॉट मारायचा नाही. फास्ट ब्रेकला एकदम मोकळा असलास तर मार बाबा. आणि लांबचा शॉट हुकला की रिबाउंडही लांब उडतो हे लक्षात ठेवून दोघांनी आधीच मागे पळायचं.

प्रॅक्टिसला चार विरुद्ध चार खेळवा, बॉल पेंटमध्ये जाऊन आलेल्या थ्रीला तीन, नाहीतर एकच पॉइंट. मॅचमध्ये बाकावरच्या एकाला कागद द्या, दोन रकाने: आत जाऊन आलेले थ्री आणि तसेच मारलेले, प्रत्येकात किती पडले. टाइमआउटला तो कागद दाखवा, ओरडायची गरज पडत नाही.

आणि आतल्या पोराच्या पासवर थ्री पडला तर पहिली टाळी त्याला द्या. नाहीतर पुढच्या वेळी तिघं अंगावर असले तरी तो बॉल सोडत नाही, बघितलंय मी.