केल्पीची लांबणारी पाठ: स्नेहसंमेलनासाठी घोडा कसा बांधायचा

स्कॉटलंडच्या नद्या-ओढ्यांत राहणारा केल्पी काठावर देखण्या घोड्याचं रूप घेऊन उभा राहतो. मुलं पाठीवर बसतात, त्यांचे हात कातडीला चिकटतात, आणखी मुलं आली की पाठ लांबत जाते आणि सगळ्यांना घेऊन तो पाण्यात शिरतो. ही गोष्ट बसवताना बहुतेक जण लाल डोळे नि सुळे करण्यात दमतात आणि नाटक तिथेच पडतं. राक्षस दिसत असेल तर मुलं त्याच्यावर बसतील कशाला? तोंड सुंदर ठेवा आणि सगळे कष्ट पाठीवर घ्या.

पाठ म्हणजे खरं तर चुण्यांचा पडदा. ४ मीटर सुती कापड काळं रंगवून घ्या. रुंदी ३६ इंच पुरे. बुरडांकडून २४ इंची १९ कामट्या तासून आणा, टोकं पॉलिश पेपरने घासा. कापडावर दर ८ इंचांवर एक कामटी उभी शिवा. प्रत्येकीच्या वरच्या टोकाला पडद्याची कडी लावा आणि सगळ्या कड्यांतून १५ फूट नायलॉनची दोरी ओवा. दोरीचं एक टोक घोडा होणाऱ्या दोघांपैकी पुढच्या मुलाच्या कमरपट्ट्याला पक्कं बांधायचं. दुसरं मागच्या मुलाच्या हातातल्या फिरकीवर गुंडाळायचं, त्याच्या कमरेला मात्र कधीच बांधायचं नाही. पुढचा अडखळला तर मागचा त्याच्याबरोबर ओढला जातो. सुरुवातीला दोघांत ४ फूट अंतर असतं. स्वार आला की मागचा दोन पावलं मागे सरकतो, दोरी सोडतो, चुण्या उघडतात. पूर्ण उघडल्यावर १२ फुटांचा घोडा होतो.

स्वार पडद्यामागे उभे राहून चालतात. कापसाने भरलेला एक खोटा पाय प्रेक्षकांच्या बाजूला लोंबतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दोरी जमिनीपासून ३० इंचांवर ठेवा.

आपल्याकडे पाठीला सोलापुरी चादर वापरायचा मोह होतो. वापरू नका. वजनाने दोरी झोळासारखी पडते आणि घोडा म्हातारा दिसतो. उलट कापड फारच हलकं असेल तर मैदानावरच्या वाऱ्याने फुगतं. मग खालच्या काठात दर फुटावर एक लोखंडी वॉशर शिवा.

आयाळीला मात्र सोलापूरसारखं गाव नाही. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत टाकाऊ सूत निघतं. अर्धा किलो पुरतं. १८ इंची तुकडे करून काळ्या-हिरव्या रंगात बुडवा, वीस-वीस धाग्यांचे झुपके पट्टीवर शिवा. केल्पीची आयाळ सदा पाण्याने निथळत असते, तीच त्याची खूण. नुसतं पाणी दिव्यांखाली वाळून जातं. म्हणून वाटीभर पाण्यात दोन चमचे ग्लिसरीन घालून फवारा. जमिनीवर थेंब पडले की पाय घसरतात, तेव्हा फवारणी विंगेत, गोणपाटावर करा.

तोंडासाठी कामट्यांचा सांगाडा आणि वर रद्दीच्या पट्ट्यांचे सहा थर, मैद्याच्या खळीने. खळीत मोरचूद घालू नका. ते विषारी आहे आणि लहान हात तोंडात जातात. दोन-दोन थर सावलीत वाळवा. आपल्या उन्हात वरचा थर आधी आवळतो, आतला ओलाच राहतो आणि जबडा वाकडा होतो. आकारासाठी स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कजवळच्या, २०१३ मध्ये पूर्ण झालेल्या, ३० मीटर उंच पोलादी केल्पींचे फोटो पाहा. शिल्पकार अँडी स्कॉट यांनी ते क्लाइड्सडेल जातीच्या ओढकाम करणाऱ्या घोड्यांवरून घडवले. रुंद कपाळ, जाड मान.

चिकटण्यासाठी दोरीवर खरखरीत वेल्क्रो आणि मुलांच्या हातमोज्यांना मऊ वेल्क्रो. गोष्टीतल्या एका मुलाचं बोटच चिकटतं आणि ते कापून तो सुटतो. त्याच्या बोटाला कापडी टोपण घाला. हात झटकला की टोपण दोरीवर राहतं. रक्ताची गरज पडत नाही.

लगाम प्रेसबटणांनी लावा, झटक्यात निघायला हवा. केल्पीचा लगाम ज्याच्या हाती, त्याचा हुकूम त्याला पाळावा लागतो. मॉर्फीच्या जमीनदाराने त्याला असाच जुंपून गढीसाठी दगड वाहायला लावले, अशी कथा आहे. काही कथांत त्याचे खूर उलटे असतात. पुठ्ठ्याचे खूर टाचेकडे तोंड करून बांधले की झालं.

नेपथ्यात तलाव रंगवू नका. सिद्धेश्वर तलाव डोळ्यांसमोर असल्याने हात आपसूक तिकडे वळतो, पण केल्पी वाहत्या पाण्यातला. सरोवरात आणि समुद्रात राहणारा एख उश्क्या वेगळा आणि जास्त क्रूर, तो माणसाचं फक्त यकृत तरंगत ठेवतो. भीमेसारखी नदी काढा. साती आसरांशी मेळही घालू नका. त्यांची आपल्याकडे पूजा होते.

शेवटी केल्पी शेपूट पाण्यावर आपटतो तेव्हा ढगांचा गडगडाट होतो. २ बाय ४ फुटांचा पत्रा दोरीने टांगून विंगेत हलवा. कडांना आधी जाड चिकटपट्टी लावा, नाहीतर हात कापतो. पाणी म्हणून निळी कापडं धरणाऱ्या चौघांनी ती पत्र्याच्या आवाजाबरोबर वर उचलायची, आधी नाही. मुलं कापडामागे बसली की मागच्याने फिरकी भराभर गुंडाळायची. सैल दोरी तशीच राहिली तर अंधारात पायात येते. हा भाग किमान दहा वेळा दिवे लावून आणि पाच वेळा दिवे बंद करून घ्या.