सांगलीच्या काळ्या मातीत उभट सोनेरी मोरपंखी कशी वाढवावी

युरोपातल्या बागांच्या चित्रांत फाटकाशेजारी सरळ उभे सोनेरी झाड दिसते, ते बहुधा यू नावाचे सूचिपर्णी झाड असते. यूला थंड हवामान हवे असते. आपल्या देशात त्याचा भाऊबंद हिमालयात उगवतो. सांगलीच्या उन्हाळ्यात त्याचे हाल होतील. तशाच बांध्याची सोनेरी मोरपंखी मात्र इथले ऊन सोसते. तिला मारते ते मुळाशी साचलेले पाणी, म्हणून खरी मेहनत लागवडीच्या वेळीच घ्या.

रोपवाटिकेत ‘उंच, उभट वाढणारी’ असे स्पष्ट सांगून रोप मागा, कारण बुटकी, गोल मोरपंखी लहानपणी तशीच दिसते. जागा किमान 6 तास उन्हाची हवी. सावलीत सोनेरी छटा जाते आणि झाड नुसते हिरवे होते.

काळ्या रानात खोल खड्डा काढून भुसभुशीत माती भरू नका. भोवतालची चिकण माती पाणी मुरू देत नाही, ते खड्ड्यात तुंबते आणि मुळे कुजतात. त्याऐवजी 4 फूट रुंद, फूटभर उंच गादीवाफा करा. 2 घमेली माती, 1 घमेले बारीक मुरूम आणि 1 घमेले पूर्ण कुजलेले शेणखत हे प्रमाण ठेवा. पिशवीत गोल फिरलेली मुळे हाताने मोकळी करून रोप पूर्वीच्याच खोलीवर बसवा. पहिल्या पावसात झाडे लावायची आपली रीत आहे, पण इथे मी गणपतीनंतर, जादा पाणी निथळून जमीन वाफशावर आल्यावरच लावायला सांगेन. साताऱ्याकडच्या मुरमाड उतारावर जूनही चालेल.

पहिला उन्हाळा जपा. बोटभर खोल माती कोरडी लागली की भरपूर पाणी द्या, रोज शिंपडत बसू नका. वर उसाचे पाचट अंथरा, पण खोडापासून वीतभर लांब.

छाटणी हिरव्या शेंड्यांचीच करा. यू जुन्या लाकडावरही फुटतो, मोरपंखी फुटत नाही. तपकिरी फांदीपर्यंत कात्री गेली तर भगदाड कायमचे राहते. आतली जुनी पाने वाळून गळतात, त्याची काळजी नको. पावसाने फांद्या बाहेर झुकल्या तर सुतळीने सैल बांधून घ्या.

एप्रिल-मेमध्ये झाड निस्तेज, धुळकट दिसू लागले तर फांदी पांढऱ्या कागदावर झटका. बारीक ठिपके चालताना दिसले, तर ती कोळी ही रस शोषणारी बारीक कीड आहे. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या आतपर्यंत मारा आणि आठवड्याने पुन्हा कागद धरून पाहा.